हरलेला कृष्ण आणि भिंतीपलीकडचा गडी



आजचं वाचन श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय अठरावा. प्रलंबासुराच्या वधाचा अध्याय म्हणून तो ओळखला जातो. जेमतेम बत्तीस श्लोक आहेत. बदलापूरहून लोकल पकडली की ठाणे यायच्या आत अर्थासकट वाचून होतो. पण बहुतेक वेळा आपण राक्षस येतो तिथून वाचायला सुरुवात करतो आणि राक्षस मेला की मोबाइल खिशात टाकतो. त्याआधीचे श्लोक राहून जातात. आज त्या आधीच्या श्लोकांवर थांबूया.

दिवस उन्हाळ्याचे आहेत, पण वृंदावनात वसंत असल्यासारखं वातावरण आहे. कृष्ण, बलराम आणि गोपाळ गाई चारायला गेलेत आणि खेळतायत. काय खेळतायत? व्यास महर्षींनी यादीच दिली आहे. गरगर फिरणं, उड्या मारणं, फेकाफेकी, ओढाओढी, कुस्ती. कधी बेलफळं घेऊन खेळतात, कधी मुठीत आवळे घेऊन. कधी शिवाशिवी, कधी डोळे बांधून आंधळी कोशिंबीर. कधी हरणासारखं नाहीतर पाखरासारखं वागून दाखवायचं. बेडूकउड्या, झोके आणि एकाने राजा व्हायचं तो खेळही आहे. भागवतासारखा मोक्षग्रंथ, आणि त्यात बेडूकउड्या!

मग कृष्ण म्हणतो, चला, आता दोन गट करू आणि योग्य जोड्या लावून खेळू. एका गटाचा म्होरक्या बलराम, दुसऱ्याचा कृष्ण. नियम सोपा. जे हरतील त्यांनी जिंकलेल्यांना पाठीवर घेऊन भांडीरक नावाच्या वडापर्यंत न्यायचं. खेळ होतो आणि कृष्णाचा गट हरतो. मग भगवान श्रीकृष्ण खाली वाकतात, श्रीदामा त्यांच्या पाठीवर बसतो, आणि देव त्याला घेऊन चालायला लागतो.

याच खेळात प्रलंबासुर गोपाळाचं सोंग घेऊन घुसलेला असतो. तो बलरामाला पाठीवर घेतो, ठरलेल्या जागेच्या पुढे पळवून न्यायला बघतो आणि बलरामाच्या एका ठोशात संपतो. अध्याय समाप्त.

आता प्रश्न. देवाला हे सगळं खेळायची गरज काय होती?

सुखसुद्धा मोजायचं असतं

उत्तर शोधताना मला गीतेचा सहावा अध्याय आठवतो. त्यात भगवंत श्रेष्ठ योगी कोण ते सांगतात. जो दुसऱ्याचं सुख आणि दुःख स्वतःच्या मापाने मोजतो, तो. इथे शब्द दोन आहेत हे लक्षात घ्या. सुख आणि दुःख.

आपण दुःखाचं बऱ्यापैकी करतो. कुणाला अपघात झाला की रक्त देतो, कुणाच्या ऑपरेशनसाठी ऑफिसच्या ग्रुपवर पैसे गोळा करतो. पण दुसऱ्याचं सुख आपल्या मापाने कधी मोजतो का? मला रविवारी सकाळी क्रिकेट लागतं, शनिवारी रात्री मित्र लागतात, वर्षातून एकदा ट्रेक लागतो. हे नसलं तर मी चिडचिडा होतो. मग हेच सगळं त्यालाही लागत असेल, असा विचार कुणाबद्दल करायचा राहून गेलाय?

माझ्यापुरतं उत्तर आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे. तळमजल्यावर एक काकू राहतात. त्यांचा मुलगा सव्वीस वर्षांचा. बौद्धिक अक्षमता आहे. अठरा वर्षांचा होईपर्यंत तो विशेष शाळेत जायचा. रिक्षा यायची, डबा असायचा, मित्र होते, गॅदरिंग असायचं. वय झालं, शाळा संपली आणि दिवससुद्धा संपला. त्यानंतरची आठ वर्षं म्हणजे खिडकी, टीव्ही आणि संध्याकाळी आईबरोबर कोपऱ्यापर्यंत एक फेरी.

काकू एकदा म्हणाल्या, "अरे, औषधाचं विचारणारे खूप भेटतात रे. 'बरा होईल का' विचारणारे तर रोज भेटतात. 'हा खेळायला येतो का' असं अजून कुणी विचारलं नाही बघ."

हे वाक्य ऐकल्यापासून सहावा अध्याय मला वेगळा दिसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण बरेच जण गोंधळ करतात. बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे. इथे मेंदूची वाढच मुळात वेगळ्या गतीने होते. शिकायला, समजायला, पैसे मोजायला, रस्ता ओलांडायला, लोकांत वावरायला जास्त वेळ आणि जास्त मदत लागते. हे लहानपणापासून असतं आणि आयुष्यभर राहतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अशा पंधरा लाखांहून जास्त व्यक्तींची नोंद झाली. म्हणजे हा काही दुर्मिळ प्रकार नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये नसेल तर पुढच्या गल्लीत कुणीतरी आहेच. फक्त तो मैदानात दिसत नाही.

जोड्या लावणारा देव

आता कृष्णाचं ते वाक्य परत बघा. योग्य जोड्या लावून खेळू. गोपाळांमध्ये सगळे सारखे नव्हते. कुणी दांडगा, कुणी किरकोळ, कुणी मोठा, कुणी छोटा. ज्याला खेळ कळतो तो आधी जोड्या लावतो. कारण जोडी चुकली तर एकाला हरण्याची आणि दुसऱ्याला जिंकण्याचीही मजा येत नाही.

गंमत बघा, हीच गोष्ट आजच्या काळात एका मोठ्या चळवळीचा पाया आहे. स्पेशल ऑलिम्पिक्स. तिची सुरुवात एका अंगणातून झाली. युनिस केनेडी श्रायव्हर या अमेरिकेतल्या बाई. राष्ट्राध्यक्ष केनेडींची बहीण. त्यांची मोठी बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती. १९६२ मध्ये युनिस यांनी मेरीलँडमधल्या स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. सहा वर्षांनी, २० जुलै १९६८ रोजी, शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिली स्पर्धा झाली. अमेरिका आणि कॅनडातून सुमारे एक हजार खेळाडू आले होते. आज भारतात 'स्पेशल ऑलिम्पिक्स भारत' हे काम करते. २०२३ च्या जूनमध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक स्पर्धेतून आपले खेळाडू २०२ पदकं घेऊन आले. त्यातली ७६ सुवर्ण. क्रिकेटच्या एका मालिकेबद्दल आपण महिनाभर बोलतो. या २०२ पदकांबद्दल आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं?

तिथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. खेळाडूंचे गट वय, स्त्री-पुरुष आणि क्षमता बघून पाडतात. आधी प्राथमिक फेरी घेतात, त्यात कुणाची वेळ किंवा अंतर किती ते बघतात, आणि मग जवळपास सारख्या क्षमतेचे तीन ते आठ जण एका गटात टाकतात. शंभर मीटर पंधरा सेकंदांत धावणारा आणि तेच अंतर चाळीस सेकंदांत चालणारा एकमेकांशी लढत नाहीत. प्रत्येकाला आपल्या तोलाचा प्रतिस्पर्धी मिळतो. त्यामुळे जिंकणं खरं असतं आणि हरणंसुद्धा खरं असतं. योग्य जोड्या लावून खेळू!

त्यांचाच आणखी एक प्रकार आहे, युनिफाइड स्पोर्ट्स. एकाच संघात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकत्र खेळतात, एकत्र सराव करतात. तिथे कुणी समाजसेवा करायला आलेलं नसतं, सगळे पास मागणारे गडी असतात. मला यात गोपाळकाला दिसतो. काल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र होते. कुणाची भाकरी, कुणाचं दही, कुणाचं नुसतं मीठ. एकदा कालवल्यावर कुणाचं काय होतं ते सांगता येत नाही.

पेंद्या

काल्याची आठवण निघाली की पेंद्याची निघतेच. भागवतात श्रीदामा आहे, सुबल आहे, स्तोककृष्ण आहे. पेंद्या तिथे नाही. पेंद्या आपल्या मराठी संतांच्या आणि कीर्तनकारांच्या परंपरेतला गडी. पायाने अधू, बोलायला भोळाभाबडा, सगळ्यांच्या मागे राहणारा. आणि कृष्णाचा लाडका.

मला नेहमी वाटतं, संतांना या पात्राची गरज का भासली असेल? गोकुळातली पोरं धडधाकट दाखवली असती तरी कथा चालली असती. पण कीर्तनाला जे लोक समोर बसायचे त्यात पेंद्या होताच की! प्रत्येक गावात होता. वेशीजवळ बसलेला, पोरांनी चिडवलेला. संतांनी त्याला उचलून थेट यमुनेच्या वाळवंटात, देवाच्या शेजारी बसवला. ज्या खेळात पेंद्या नाही तो खेळ आमच्या विठोबाचा नाही, असं जणू सांगून टाकलं. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, हुतुतू, हमामा, फुगडी, टिपरी या खेळांवर अभंग आहेत. वारीत आजही रिंगण झालं की वारकरी फुगड्या घालतात, उड्यांचे खेळ खेळतात. साठीच्या आजी आणि विशीतला पोरगा एकमेकांचे हात धरून गिरक्या घेतात आणि कुणी हसत नाही. आपल्या भक्तीला मैदान नवीन नाही मंडळी.

आपलं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

आता आपल्या भागाकडे या. कल्याणच्या पुढे कर्जत लाइनवर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. पहिल्याच स्टेशनच्या नावात विठ्ठल आहे. अंबरनाथला वालधुनीच्या काठावर १०६० सालचं शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. उल्हासनगर तर फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांनी एका लष्करी छावणीतून उभं केलं. १९४९ मध्ये त्याला नाव मिळालं. बेघर झालेल्या माणसाला जागा देणं म्हणजे काय, हे या गावाला वेगळं शिकवायला नको.

पण आज अडचण जागेचीच आहे. उल्हासनगरचं क्षेत्रफळ साधारण तेरा चौरस किलोमीटर आणि २०११ मध्येच लोकसंख्या पाच लाखांच्या वर. गोल मैदानासारख्या मोकळ्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. अंबरनाथ-बदलापुरात रोज नवा टॉवर उभा राहतोय. जाहिरातीत क्लबहाऊस असतं, टर्फ असतं, तासाला भाडं असतं. मैदान कमी पडलं की सगळ्यात आधी बाहेर कोण पडतं? ज्याला 'माझी बॅटिंग' असं ओरडून सांगता येत नाही तो.

एका सोसायटीत मी हे डोळ्यांनी बघितलंय. पंचविशीतला एक मुलगा चेंडू आणून द्यायचा, तेवढ्यावर खूश असायचा. कुणीतरी तक्रार केली की बाकीची मुलं घाबरतात, त्याला आत ठेवा. त्याने कधी कुणाला हात लावला नव्हता. तो जोरात हसायचा, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्याचे वडील त्याला खाली आणेनासे झाले. भांडायला त्यांच्याकडे ताकद उरली नव्हती. आणि मैदानावरचा खेळ नेहमीसारखा सुरू राहिला. मला त्या 'नेहमीसारखा'चं जास्त वाईट वाटलं.

वास्तविक हा दयेचा विषयच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे आणि कलम ३० खेळांबद्दल. दिव्यांग व्यक्तींना खेळात खऱ्या अर्थाने भाग घेता यावा, सुविधा त्यांना वापरता येतील अशा असाव्यात, ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे शिक्षण आणि नोकरी जशी हक्काची, तसा खेळही हक्काचा.

आणि याच्या पलीकडे एक प्रश्न असतो, जो असे आईवडील रात्री झोपताना रोज विचारतात. आमच्यानंतर काय? बदलापूरला राहणाऱ्यांनी मुळगावच्या खंडोबाला जाताना 'आधार'चं नाव ऐकलं असेल. प्रौढ झालेल्या अशा मुलांना आयुष्यभर राहता यावं म्हणून माधवराव गोरे आणि त्यांच्याबरोबरच्या पालकांनी ही संस्था उभी केली. आपल्या मुलापुरता प्रश्न न ठेवता सगळ्यांच्या मुलांसाठी घर बांधलं. मी तिथून पुढे विचार करतो तेव्हा वाटतं, आईवडील गेल्यावर छप्पर लागेल, जेवण लागेल, पैसा लागेल हे खरंच. पण ओळखणारी माणसंही लागतील. 'अरे आज आला नाहीस?' असं विचारणारी चार माणसं. ती माणसं संस्था तयार करू शकत नाही. ती मैदानावर, देवळात, वर्षानुवर्षं एकत्र घाम गाळून तयार होतात. म्हणून रविवारचा तासभर खेळ ही मला किरकोळ गोष्ट वाटत नाही. 'आमच्यानंतर काय' या प्रश्नाच्या उत्तराचा तो एक तुकडा आहे.

दोन गोड गैरसमज

धार्मिक माणसं म्हणून आपल्याकडून दोन वाक्यं सहज निघतात. दोन्ही तपासून बघूया.

पहिलं वाक्य, "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." कर्माची गती समजायला फार कठीण आहे, असं स्वतः भगवंत गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगतात. आणि आपल्याला ती शेजारच्या घराची बेल वाजवताना दोन मिनिटांत समजते! कर्मसिद्धांत मला स्वतःच्या आजच्या कृतीची जबाबदारी घ्यायला शिकवतो. दुसऱ्याच्या मुलाकडे बघून निकाल देण्याचा अधिकार तो मला देत नाही. काकूंचा मुलगा असा का, हे मला माहीत नाही. पण तो मैदानाबाहेर का, हे मला माहीत आहे. ते कर्म याच जन्मातलं आहे आणि आपल्या सगळ्यांचं आहे.

दुसरं वाक्य, "ही तर देवाची निष्पाप लेकरं." यात प्रेम असतं, मान्य. पण सव्वीस वर्षांच्या माणसाला लेकरू म्हटलं की त्याला विचारायचं कारण उरत नाही. त्याला राग येतो, कंटाळा येतो, हरल्यावर वाईट वाटतं, एखादा माणूस आवडत नाही. तो पूर्ण माणूस आहे. कृष्णाने श्रीदामाला मुद्दाम जिंकू दिलं, असं भागवत म्हणत नाही. तो हरला, एवढंच म्हणतं. दया म्हणून दिलेला विजय समोरच्याला लगेच कळतो.

प्रलंब आजही येतो

अध्यायातला राक्षस विसरलो नाही मी. प्रलंब बाहेरून हल्ला करत नाही. तो गडी बनून खेळात शिरतो. मला ही गोष्ट पूर्वी प्रतीक वाटायची. मग सिडनीची हकीकत वाचली. २००० सालच्या पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्णपदक जिंकलं. नंतर उघड झालं की संघातल्या बारापैकी दहा खेळाडूंना कोणतीही अक्षमता नव्हती. सोंग घेऊन शिरलेले प्रलंब!

आणि शिक्षा कुणाला झाली? बौद्धिक अक्षमता असलेल्या जगभरातल्या सगळ्या खेळाडूंना. अथेन्स आणि बीजिंगच्या पॅरालिम्पिकमधून त्यांचे प्रकार काढून टाकले. २०१२ मध्ये लंडनला ते परत आले. एका पिढीची उमेदीची वर्षं गेली. परत आलेल्या त्या दारातूनच २०२४ मध्ये पॅरिसला तेलंगणाची दीप्ती जीवनजी आत गेली आणि चारशे मीटरमध्ये भारतासाठी कांस्यपदक घेऊन आली. दार बंद असतं तर?

आपल्याकडचा प्रलंब इतका मोठा नसतो. तो फोटो काढायला आलेला असतो. एक दिवसाचा कार्यक्रम, बॅनर, बिस्किटाचे पुडे, रील आणि पुढच्या वर्षी भेटू. खेळाडूला पाठीवर घ्यायचं आणि ठरलेल्या वडापाशी न उतरवता स्वतःला हवं तिथे घेऊन जायचं. प्रलंबाने तेच केलं होतं.

मग करायचं काय?

आम्ही तीन मित्र गेले काही महिने रविवारी सकाळी तासभर काढतो. सात-आठ जण येतात, काहींचे भाऊबहीणही खेळतात. यातून आणि अनुभवी शिक्षकांकडून जे शिकायला मिळालं ते सांगतो.

खेळ सोपा निवडा. बोची नावाचा एक खेळ स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये खेळतात, आपल्या गोट्यांचा चुलतभाऊ म्हणा. आधी एक छोटा चेंडू टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी चार-चार मोठे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचे. धावावं लागत नाही, सपाट जागा पुरते, सरावाला साधे रबरी चेंडूही चालतात.

एका वेळी एकच सूचना. "चेंडू घे." मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपण दुसऱ्या सेकंदाला परत ओरडतो आणि त्याचा विचार तुटतो. तोंडाने सांगण्यापेक्षा स्वतः करून दाखवा. दर आठवड्याला तीच जागा, तीच वेळ, तोच क्रम. आपल्याला रोजच्या हरिपाठाचा क्रम जसा आधार देतो, तसा त्यांना हा क्रम देतो. शाबासकी नेमकी द्या. नुसतं "छान" म्हणण्यापेक्षा "आज हात सरळ ठेवलास" असं म्हणा. आणि नको म्हणाला तर नको. बाजूला बसून बघणं हाही त्याचा हक्क.

तब्येतीचं आधी विचारा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही जणांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. त्यामुळे कोलांटउड्या, सूर मारणं, मानेवर भार येणारे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. हृदयाचा त्रास, फिट्स, चालू औषधं हे सगळं आईवडिलांकडून लिहून घ्या. पाणी जवळ ठेवा. कायम दोन मोठी माणसं असू द्या.

काकूंचा मुलगा पहिले पाच रविवार कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा होता. सहाव्या रविवारी त्याने चेंडू उचलला आणि टाकला, भलत्याच दिशेला. आता तो खेळतोच, शिवाय कुणाची पाळी आहे ते त्याला पक्कं माहीत असतं. मध्ये घुसलं की तो हात धरून मागे उभं करतो. मागच्या महिन्यात त्याच्या जोडीने आम्हाला चक्क हरवलं. जोड्या बरोबर लावल्या होत्या, खेळ खरा झाला होता. गच्चीत काकू उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, वरून ओरडत होत्या, "अरे, नीट बघून टाक!" कुठल्याही खेळाडूची आई ओरडते तशा.

आजचं मनन

भांडीरक वडाकडे जाणारी ती रांग डोळ्यांसमोर आणा. जिंकलेले वर, हरलेले खाली. खाली असलेल्यांमध्ये देव आहे. त्याने आपलं देवपण बाजूला ठेवलेलं नाही. ज्याच्या पाठीवर मित्र बसू शकतो, तोच आमचा देव. समदर्शन गीतेच्या पाचव्या अध्यायात वाचायला मिळतं, पण ते कळायला बहुतेक मैदान लागतं. तिथे एकदा तरी हरावं लागतं, वाकावं लागतं.

आजचा संकल्प छोटा आहे. तुमच्या बिल्डिंगमध्ये, गल्लीत, नात्यात असं कुणी असेल तर आज त्यांच्या घरी जा. आजाराचं विचारू नका. त्यालाच विचारा, त्याच्याकडे बघून, "रविवारी खेळायला येतोस का?" लगेच उत्तर आलं नाही तर थांबा. मनात दहा आकडे मोजा. ते दहा आकडे म्हणजे आजचा तुमचा जप समजा.

पांडुरंगा, आमच्या खेळात कुणाची जागा रिकामी राहिली असेल तर ती आम्हाला दिसू दे. जोड्या नीट लावायची बुद्धी दे. आणि हरायची वेळ आली तर तुझ्यासारखं हसत वाकता येऊ दे.

उद्या अध्याय एकोणिसावा, वणवा आणि मुंज अरण्य. वाचून या.

राम कृष्ण हरी!